आधी फिल्टर धुवा, मग बोअरचं बोला

मंडळी, आजचा विषय विकांताच्या मानाने जरा तेलकट आहे. चेनसॉ. म्हणजे पेट्रोलवर चालणारं लाकूड कापायचं मशीन, ज्याला आमच्याकडे कोकणात सरसकट 'कटर' म्हणतात. आणि त्यातही दोनच भागांबद्दल बोलायचंय : हवेचा फिल्टर आणि सिलिंडर किट. पहिला साबणाच्या वडीएवढा, दुसरं म्हणजे इंजिनाचं काळीज.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. जुना बोअर कशाने गेला हे सांगता येत नसेल, तर नवीन किट टाकणं म्हणजे पैसे जाळणं. आणि चांगल्या चालत्या मशीनला 'अपग्रेड' म्हणून मोठा बोअर नि 'हाय फ्लो' फिल्टर बसवणं हा आपल्यासारख्या हौशी मालकांच्या बाबतीत शुद्ध बावळटपणा आहे. त्यापेक्षा आहे तो फिल्टर धुवा. ते दहा मिनिटांचं काम आहे. पण त्यात सांगण्यासारखं काही नसतं ना, म्हणून कुणी करत नाही!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही हिंजवडीत बसून कळफलक बडवणारी माणसं, आम्हाला कटरशी काय देणंघेणं? आहे, सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. दोन्ही वेळा माड, पोफळी, आंबे, फणस आडवे झाले, रस्ते बंद पडले, आणि लोकांच्या लक्षात आलं की कुऱ्हाड नि करवत घेऊन हे उरकणारं काम नाही. गावी घर किंवा थोडीफार बाग असलेल्या पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मंडळींनी मग एकेक मशीन घेऊन ठेवलं. जालावर तारे मोजून आपणच ते मागवतो. चालवतो मात्र गावातला गडी. बिघडलं की फोन आपल्याला येतो, आणि हापिसातल्या मीटिंगमधून बाहेर येऊन "टाकून घ्या नवीन किट, पैसे पाठवतो" हा हुकूमही आपणच सोडतो. म्हणून हा लेख मेस्त्रीसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

मशीन श्वास कसं घेतं

ज्यांच्या घरी कधीकाळी लुना किंवा आरएक्स १०० होती त्यांना टू-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव माहीत असेल. पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळायचं. खाली तेलाची टाकी वगैरे काही नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमच्या कारच्या इंजिनात वंगणाचं तेल वेगळं फिरतं आणि त्याला स्वतःचा फिल्टर असतो. चेनसॉमध्ये हवा, पेट्रोल आणि तेल यांचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये जातं, तिथल्या बेअरिंगांना तेल पाजतं, आणि मग वर सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. म्हणजे जी हवा जळायला लागते तीच आधी बेअरिंगांच्या अंगावरून जाते. त्या हवेत धूळ असेल तर ती तेलात कालवली जाते आणि तिची झक्कास ग्राइंडिंग पेस्ट तयार होते. मग पिस्टन, रिंगा, बोअर, बेअरिंग, सगळ्यांना पॉलिश! मध्ये अडवणारं कुणी नाही. हवेचा फिल्टर हा एकच पहारेकरी.

आता थोडं गणित. ५० सीसीचं इंजिन लाकूड कापताना मिनिटाला ९,००० फेरे मारतंय असं धरा. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक श्वास. ५० गुणिले ९,००० म्हणजे मिनिटाला ४५० लिटर हवा. हा कागदावरचा आकडा झाला, प्रत्यक्षात थोडी कमी जाते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सात-आठ लिटर हवा घेतो. म्हणजे साठेक माणसांना पुरेल एवढी हवा हे टीचभर इंजिन ओढतं, आणि ओढतं कुठून? तर स्वतःच उडवलेल्या भुशाच्या ढगातून.

बरं, नुसता भुसा असता तरी एक वेळ ठीक होतं. भुसा फिल्टर तुंबवतो, पण तसा मऊ असतो. खरा शत्रू माती. वादळात उन्मळलेल्या झाडाच्या सालीवर, मुळांत माती भरलेली असते. बुंधा जमिनीलगत कापायला गेलं की चेन माती खाते. आपल्या जांभ्या दगडाची ती लाल, बारीक धूळ मार्च-एप्रिलमध्ये कशी उडते हे एकदा तरी गावी गेलेल्याला सांगायला नको. शिवाय माडाच्या लाकडात मुळातच सिलिकाचे बारीक कण असतात. माड कापताना चेन इतक्या लवकर बोथट होते त्याचं हेही एक कारण. काच ज्यापासून बनते ती ही सिलिका, आणि पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा. कोण जिंकणार ते तुम्हीच सांगा.

आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर फिल्टर म्हणजे इनपुट व्हॅलिडेशन. बाहेरून आलेला विदा न तपासता थेट डेटाबेसात घालणाऱ्या पोराला आपण कोड रिव्ह्यूमध्ये फाडून खातो. तेच आपण स्वतःच्या मशीनला मात्र फाटक्या फिल्टरने चालवतो आणि डेटाबेस करप्ट झाला की नवीन डेटाबेस विकत आणतो.

स्क्रू पिळायचा रोग

फिल्टर तुंबला की काय होतं? हवा कमी पडते. साध्या कार्बोरेटरच्या मशीनमध्ये पेट्रोल त्या मानाने जास्त जातं. मशीन पिकअप घेत नाही, धूर मारतं, प्लग काळा पडतो. इथे खरं तर झाकण उघडून फिल्टर बघायला हवा. पण बहुतेक ठिकाणी काय होतं? कुणीतरी बारीक स्क्रू ड्रायव्हर काढतो आणि कार्बोरेटरचा 'एच' स्क्रू आत पिळतो. पेट्रोल कमी झालं, मिश्रण पुन्हा जुळलं, मशीन ओरडायला लागलं. सगळे खूश. चहा मागवला जातो.

आता गंमत बघा. आठ दिवसांनी कुणा शहाण्याला सुबुद्धी होते आणि तो फिल्टर स्वच्छ करतो, किंवा नवीन टाकतो. हवा पूर्ण यायला लागली, पेट्रोल मात्र अजून पिळलेलंच. मिश्रण आता लीन झालं. आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, कारण तेल त्यातूनच येतं! उष्णता वाढली, वंगण घटलं. लोड नसताना बारा-तेरा हजार फेरे मारू शकणारं इंजिन अशा अवस्थेत फुल रेसवर चालवलं की पिस्टन फुगतो आणि बोअरला धरतो. मशीन 'सीझ'. आणि दोष कुणाला? नवीन फिल्टरला! "साहेब, फिल्टर बदलला आणि इंजिन गेलं" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

लक्षण दाबलं, कारण तसंच ठेवलं, आणि पुढे कुणीतरी खरं कारण दूर केलं तेव्हा आधीचं ठिगळच उलटलं. सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट नवीन आहे का? आपण तर यावर पोट भरतो :-)

महागड्या नव्या मशीनांत हवेप्रमाणे मिश्रण आपोआप जुळवणारी सोय असते. चांगलंच आहे. पण तिचाही आवाका मर्यादितच, आणि फाटक्या फिल्टरमधून आत जाणारी धूळ ती काही अडवू शकत नाही. शिवाय २०२५ पर्यंत आपल्या पंपांवरचं बहुतेक पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं झालेलं आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच सेटिंगवर मिश्रण आणखी लीनकडे झुकतं. जुन्या मशीनाच्या स्क्रूशी खेळायची हौस असलेल्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पिस्टन बोलतो, ऐकणारा पाहिजे

माझ्या एका मावसभावाच्या मशीनचं दोन वर्षांत तीनदा 'हाफ इंजिन' झालं. तालुक्याच्या एका दुकानात. प्रत्येक वेळी नवीन सिलिंडर, नवीन पिस्टन, रिंगा, गजन पिन, सर्क्लिपा, असं सगळं किट. प्रत्येक वेळी मशीन एकदम नव्यासारखं, आणि पुढच्या हंगामात पुन्हा फुस्स. तिसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, दादा, जुना पिस्टन आणि फिल्टर दोन्ही टाकून देऊ नको, मला दाखव.

पिस्टनच्या इनटेकच्या बाजूला, म्हणजे कार्बोरेटरकडे तोंड असलेल्या बाजूला, बारीक उभे ओरखडे. स्कर्ट घासून पातळ झालेला. फिल्टरची दोन अर्धुकं जिथे जुळतात तिथली कड उघडलेली, आणि जाळीला एका कोपऱ्यात भोक. कारण? कुणीतरी तो दर वेळी पेट्रोलमध्ये बुडवून 'धूत' होता आणि नंतर टायरच्या हवेने फुल प्रेशरवर, तेही बाहेरून आत, हवा मारत होता. तीन किटं टाकली गेली, आणि फिल्टर तोच! बिलात फिल्टर नावाची ओळच नाही. त्या दुकानदाराला मी खलनायक वगैरे म्हणत नाही. गिऱ्हाईकाने "किट टाका" सांगितलं, त्याने टाकलं. पण जुना पिस्टन हातात धरून दोन मिनिटं बघावंसं तिन्ही वेळा कुणालाच वाटलं नाही, याचा मला राग आहे.

कारण पिस्टन वाचणं तसं अवघड नाही. ढोबळमानाने सांगतो :

- एक्झॉस्टच्या बाजूलाच ओरखडे नि वितळल्यासारख्या खुणा : लीन मिश्रण, कुठून तरी आत घुसणारी फालतू हवा, किंवा अति तापणं.
- इनटेकच्या बाजूला बारीक उभ्या रेघा, मळकट झीज : धूळ. फिल्टर किंवा त्याची बैठक.
- चारी बाजूंनी सारखं घासलेलं : बहुधा तेलाशिवाय नुसतं पेट्रोल घातलं.
- पिस्टनच्या माथ्यावर काळ्या कार्बनचा जाड थर : मिश्रण सतत रिच, म्हणजे तुंबलेला फिल्टर किंवा चुकीचं सेटिंग.

'फालतू हवा' म्हणजे फिल्टरला वळसा घालून आत येणारी. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं रबर तडकलं, किंवा क्रँकचं सील गेलं, की ती येते. ती धूळही आणते आणि मिश्रण लीनही करते. अशा मशीनात तुम्ही सोन्याचं किट टाका, तेही जाणार. याची चाचणी आहे : इनटेक-एक्झॉस्ट बंद करून इंजिनात साधारण अर्धा बार हवा भरायची आणि काटा टिकतो का बघायचं. मग तेवढाच निर्वात करून पुन्हा बघायचं. किट बदलण्याआधी ही चाचणी करणारे मेस्त्री मला कोकणात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटलेत.

अपग्रेडचा बाजार

आता येऊ या आपल्या लाडक्या विषयाकडे. अपग्रेड! यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक जण काही ना काही मोठं करतोय.

बाजारात निनावी मशीनं ढिगाने मिळतात. अंगावर ५२०० किंवा ५८००, म्हणजे ५२ सीसी नि ५८ सीसी. आकड्यांत फरक साडेअकरा टक्क्यांचा. आता यांची सिलिंडर किटं बघा. ५२०० साठी बोअर ४५ मि.मी. आणि ५८०० साठी ४५.२ मि.मी. क्रँक दोघांनाही एकच चालतो, म्हणजे स्ट्रोकही तोच. ४५.२ चा वर्ग भागिले ४५ चा वर्ग करा. उत्तर १.००९. म्हणजे क्षमता वाढली जेमतेम एक टक्का! उरलेले साडेदहा टक्के स्टिकरवर. '५२ चं ५८ करून घेतलं' म्हणून मिशीला पीळ देणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून बघावं.

नामवंत मशीनांचंही बघू. स्टिलचं (आपलं पोलाद नव्हे, ती जर्मन कंपनी) एमएस ६६० हे ५४ मि.मी. बोअरचं, ९१.६ सीसीचं दांडगं मशीन. त्याला बाहेरच्या कंपन्यांची ५६ मि.मी. ची 'बिग बोअर' किटं मिळतात. गणिताने ९८.५ सीसी, म्हणजे साडेसात टक्के वाढ. पण इंजिनाची ताकद नुसत्या सीसीत नसते. पोर्ट कुठे नि केवढे कापलेत, ट्रान्सफरचा आकार काय, पिस्टन नि डोक्यामधली फट किती, यावर सगळा खेळ. स्वस्त किटमध्ये पोर्टच्या कडा नीट गोल केलेल्या नसतील तर रिंग त्यात अडकते आणि खेळ खलास. बोअरच्या आतला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा कडक थर केसाच्या जाडीएवढा असतो. तो चांगला बसलाय की नाही हे फोटोवरून कळत नाही. कळतं तेव्हा तो सोलपटून निघालेला असतो.

म्हणजे सगळीच अपग्रेड भंपक का? नाही. हुस्कवार्नाचं जुनं ३६५ (४८ मि.मी., ६५.१ सीसी) आणि ३७२ (५० मि.मी., ७०.७ सीसी) ही सख्खी भावंडं. स्ट्रोक दोघांचाही ३६ मि.मी. तेव्हा ३६५ चा बोअर गेलाच असेल तर त्यावर ३७२ चं अस्सल किट चढवणं हा जगभरातल्या लाकूडतोड्यांचा जुना उद्योग आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. कारण तिथे दोन्ही भाग एकाच कारखान्याने एकमेकांचा विचार करून बनवलेत. तसंच फिल्टरचं. ओलसर लाकडासाठी नायलॉनची जाळी छान, धुवायला सोपी. कोरड्या हंगामात, बारीक धुळीत, त्याच मशीनसाठी फेल्टचा किंवा जास्त बारीक फिल्टर मिळत असेल तर जरूर घ्या. माझ्या मते हौशी मालकाने करावं असं हे एकच अपग्रेड. पण गंमत अशी की त्याने ताकद वाढत नाही, उलट फिल्टर जास्त वेळा साफ करावा लागतो. म्हणून त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही!

आणि 'हाय फ्लो' फिल्टर? हवा जास्त सोडायची तर दोनच मार्ग. एक म्हणजे फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवायचं. दुसरा म्हणजे भोकं मोठी करायची. झाकणाखाली जागा तेवढीच असते, तेव्हा स्वस्तातला 'हाय फ्लो' बहुधा दुसऱ्या मार्गाने गेलेला असतो. म्हणजे तुम्ही पैसे देऊन पहारेकऱ्याला डुलकी घ्यायला सांगितलंत. वर मिश्रण लीन झालं ते वेगळंच.

"पण किट स्वस्त पडतं ना!"

हा नेहमीचा आक्षेप. निनावी मशीनचं किट काही फार महाग नाही, मग कशाला चौकशा? बदला नि पुढे चला. ठीक आहे, हिशोब करू. किटच्या पैशात चांगले चार-पाच फिल्टर येतात, हे एक. दुसरं, जुना पिस्टन चिकटला तेव्हा ॲल्युमिनियमचा चुरा क्रँककेसमध्ये पडलेला असतो. तो न धुता किट टाकलं तर बेअरिंगचा नंबर पुढचा, आणि मग हाफ इंजिनाचं फुल इंजिन होतं. तिसरं आणि मुख्य : मशीन दुकानात पडून असतं त्या दिवसांचा रोज कुणाचा बुडतो? तुमचा नाही. तुम्ही 'वर्क फ्रॉम होम'वर आहात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तालुक्याला फिल्टर मिळतच नाही! पूर्ण मशीन मिळतं, किट मिळतं, पण जाळीचा एक तुकडा मागवला तर आठवडा. हे खरं आहे आणि विकणाऱ्यांनी याची लाज बाळगायला हवी. जो माणूस मशीन विकतो आणि फिल्टर ठेवत नाही, तो होडी विकून वल्हं ठेवत नाही असं मी म्हणेन. पण म्हणून तर मशीन घेतानाच दोन जादा फिल्टर मागवायचे. जालावर बसून मशीन आपणच मागवतो ना? मग आणखी दोन टिचक्या मारायला काय होतं?

एवढंच करा

१. फिल्टर काढण्याआधी बाहेरचा भुसा ब्रशने झाडा आणि चोक बंद करा. म्हणजे काढताना कचरा कार्बोरेटरच्या तोंडात पडणार नाही.

२. नायलॉनचा फिल्टर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा. ओला बसवू नका. पेट्रोलने धुवू नका. डिंक सुटतो आणि आगीचा धोका वेगळाच. हवा मारायचीच तर हलकी आणि आतून बाहेर. फेल्टच्या फिल्टरचं काय करायचं ते माहितीपुस्तिकेत बघा. तो जोरात घासला की संपला.

३. वाळलेला फिल्टर उन्हाकडे धरा. एकसारखा उजेड यायला हवा, एखादा चमकणारा ठिपका म्हणजे भोक. मग कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर फाटलाय किंवा नीट बसत नाही. त्या क्षणी मशीन बंद. काम उद्या.

४. प्रत्येक मशीनमागे दोन फिल्टर. एक मशीनवर, एक वाळत.

५. कार्बोरेटरला हात लावायचा तो फिल्टर स्वच्छ असतानाच, आणि माहितीत असलेल्यानेच.

६. टूटी ऑइल मापाने. ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मि.ली., २५ ला १ म्हणजे ४० मि.ली. तुमच्या मशीनला कोणतं प्रमाण ते पुस्तिकेत असतं. 'झाकणभर' हे माप नव्हे.

७. किट टाकायची वेळ आलीच तर जुना पिस्टन मागून घ्या आणि मेस्त्रीला एकच प्रश्न विचारा : "हा कशाने गेला?" उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका. उत्तर मिळालं की आधी ते कारण दुरुस्त करा : रबर, सील, फिल्टर, जे असेल ते. मग किट.

खरी गोम कुठे आहे

हे सगळं त्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. मग होत का नाही? मला वाटतं, कारण आपल्या लेखी देखभाल हे हलकं काम आहे. नवीन काही बसवलं की ते 'केलं' असं दिसतं. पिस्टन चकचकीत असतो, त्याचा फोटो टाकता येतो. फिल्टर धुतला तर काय दिसतं? काहीच नाही. मशीन काल चालत होतं, आजही चालतंय. आपल्या हापिसातही हेच की! नवीन फीचर लिहिणाऱ्याला बढती, आणि वर्षभर सर्व्हर पडू न देणाऱ्याला "तू नक्की करतोस काय?"

पण हापिसात सर्व्हर पडला तर फार तर रात्रीची झोप जाते. इथे प्रकरण वेगळं आहे. वादळात पडलेलं झाड कुठेतरी टेकलेलं, ताणलेलं असतं. अर्ध्या कापात मशीनने दम सोडला की बार लाकडात अडकतो, आणि तो सोडवायला माणसाला त्याच ताणलेल्या ओंडक्याजवळ वाकावं लागतं. गरम, धाप लागलेलं मशीन पन्नास वेळा दोरी ओढून सुरू करताना खांदा त्याचा भरून येतो. मशीन गेलं की "तूच नीट चालवलं नाहीस" असं ऐकून घेणाराही तोच, आणि काही ठिकाणी तर किटचे पैसे त्याच्याच मजुरीतून कापले जातात. ज्याने फिल्टर निवडला नाही, ज्याला जादा फिल्टर कधी दिला गेला नाही, पुस्तिका ज्याला वाचताच येत नाही अशा भाषेत छापलेली आहे, त्याच्या माथी आपल्या आळसाचं बिल मारायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा पुढच्या वेळी गावाहून "बोअर गेला" असा फोन आला, तर पैसे पाठवायच्या आधी फिल्टरचा फोटो मागवा. दोन्ही बाजूंनी, उजेडात धरून. आणि या विकांताला गावी जाणार असाल तर बॅगेत दोन नवे फिल्टर टाका, नि चालवणाऱ्या दादांच्या शेजारी बसून एकदा जुना धुऊन दाखवा. एक बादली कोमट पाणी, थोडा साबण, दहा मिनिटं. तेवढ्याने मशीनच्या अंगावरचा आकडा वाढणार नाही, पण ते पुढच्या पावसाळ्यात चालेल.